पोटावरचे द्वार

१९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ज्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो, तशा सरकारी रुग्णालयात विषमज्वराने वा क्षयाने आतड्यास छिद्र पडलेला, अथवा कर्करोगाने मलमार्ग रुद्ध झालेला रुग्ण दाखल होतो, तेव्हा आतड्याचे टोक पोटाच्या त्वचेवर आणून शल्यविशारद त्याचे प्राण वाचवितात; या द्वारास स्टोमा म्हणतात. लहान आतड्यातून वाहणारा पातळ मल त्वचा अक्षरशः जाळतो आणि देहातील पाणी व मीठ हरण करतो, म्हणून मल झेलण्यासाठी द्वारावर लावून दर काही दिवसांनी बदलावयाची चिकट पिशवी ही चैन नव्हे, औषधच होय. परंतु रोजंदारीवर गुजराण करणाऱ्यास तिचा खर्च पेलत नाही, आणि तो फडक्यावर भागवितो. विशेष हे, की त्वचारक्षणाचा पहिला प्रभावी लेप अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५०च्या दशकात ज्या डिंकापासून सिद्ध केला, तो आपल्याच रानातील कांडोळाचा! तात्पुरता स्टोमा प्रकृती सुधारल्यास बहुधा दोन-तीन महिन्यांनी बंद करता येतो. तोवर तपासणीची तारीख चुकवू नका, आणि मल पाण्यासारखा वाहू लागल्यास वा लघवी कमी झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठा.