मनोविकाराची गोळी आणि हृदयाचे ठोके

मिरजगावसारख्या गावात मानसोपचाराची औषधे नगर किंवा पुण्याहून लिहून आणलेली असतात. जुलाब-उलट्या झाल्या की तोच रुग्ण आमच्यासारख्या जनरल डॉक्टरकडे येतो. धोका बहुधा इथेच तयार होतो.

हॅलोपेरिडॉल, झिप्रासिडोनसारखी औषधे हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडण्याचा मार्ग अडवतात. ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला वेळ लागतो आणि ईसीजीत ‘क्यूटी’ अंतर लांबलेले दिसते. वेगानुसार दुरुस्त केलेला हा आकडा ५०० मिलिसेकंदांपुढे गेला, तर ठोके अचानक बेताल होऊन शुद्ध हरपू शकते, क्वचित मृत्यूही येतो. ॲरिपिप्राझोलमध्ये हा धोका बराच कमी असतो.

एकट्या गोळीने असे होणे विरळच. पण जुलाबात पोटॅशियम घटलेले, त्यात उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन किंवा डॉमपेरिडोन, वर अझिथ्रोमायसिन, अशी भर पडत जाते. म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून मानसिक आजाराची गोळी गावापासून लपवली तर मी समजू शकतो, डॉक्टरपासून मात्र लपवू नका. घरात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर तेही सांगा.

हे वाचून गोळी मनाने बंद करू नका. आजार उलटतो आणि ते जास्त महागात पडते. औषध सुरू करण्याआधी आणि डोस वाढवल्यावर ईसीजी काढून घ्या. रुग्ण अचानक कोसळला, तर फीट किंवा नाटक समजून कांदा हुंगवत बसू नका, १०८ ला फोन करा.