नागरिक आणि व्यक्ती

आपले घर सोडून जाणे कोणालाही आवडत नाही. तरीही युद्ध, छळ किंवा जिवाची भीती यांमुळे कित्येकांना देश सोडावा लागतो. अशा लोकांना मराठीत 'निर्वासित' म्हणतात. उर्दूत आपण ज्याला 'पनाह' म्हणतो, त्यासाठी मराठीत 'आश्रय' हा शब्द आहे.

निर्वासितांविषयी १९५१ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. जेथे निर्वासिताच्या जिवाला धोका आहे, तेथे त्याला परत पाठवू नये, असा त्यात नियम आहे. भारत या करारात सामील झालेला नाही. निर्वासितांसाठी आपल्या देशात वेगळा कायदाही नाही. मग येथे आलेल्या निर्वासिताला आधार कशाचा?

चकमा लोकांची हकिकत पाहा. चकमा हे चितगावच्या डोंगराळ भागातील लोक. हा भाग तेव्हा पूर्व पाकिस्तानात होता. आज तो बांगलादेशात आहे. तेथे कर्णफुली नदीवर काप्ताई धरण बांधले गेले. चकमांची घरे आणि शेते पाण्याखाली गेली. १९६४ च्या सुमारास हजारो चकमा भारतात आले. सरकारने त्यांपैकी अनेकांना आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले. पुढे तेथील काही लोक त्यांना राज्य सोडून जाण्यासाठी धमकावू लागले. तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

संविधानाच्या कलम २१ नुसार कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कोणत्याही व्यक्तीचे जीवित हिरावून घेता येत नाही. या कलमात 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' हा शब्द आहे. ९ जानेवारी १९९६ रोजी सरन्यायाधीश ए. एम. अहमदी यांच्या खंडपीठाने निकाल दिला. माणूस नागरिक असो वा नसो, त्याच्या जिवाचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने सांगितले. चकमांना कोणी बळाने हुसकावू नये, असा आदेश दिला.

या आधारालाही मर्यादा आहेत. देशात कोठेही राहण्याचा हक्क कलम १९ ने फक्त नागरिकांना दिला आहे. म्हणून २०२१ मध्ये म्यानमारमधून आलेल्या काही रोहिंग्यांची परत पाठवणी थांबवण्यास न्यायालयाने नकार दिला. मात्र ठरलेली कायदेशीर पद्धत पाळल्याशिवाय त्यांना पाठवू नये, असेही बजावले.

मुलांनो, संविधान वाचताना 'नागरिक' हा शब्द कोठे आहे आणि 'व्यक्ती' कोठे आहे, हे नीट पाहा. बेघर झालेल्या माणसाचे सारे भवितव्य कधी कधी त्या एका शब्दावर अवलंबून असते.