जुने दाबनळ न उकरतां कसे सुधारावे

रहिमतपुरास रणदुल्लाखानाच्या कबरीजवळ सुमारें ५० फूट उंचीचा एक बुरूज आहे. त्याच्या पश्चिमेकडील उतारावर हत्ती चालवून पाणी वर ओढीत व त्या उंचीच्या दाबानें मशिदीच्या आवारांतील कारंजें उडवीत. कारंजें केव्हांच आटलें. परंतु तत्त्व तेंच आहे. दर १० मीटर उंचीस नळावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १ किलो दाब येतो. नदीवरून ४० मीटर पाणी चढविणाऱ्या नळाच्या बुडाशीं ४ किलो दाब नित्य असतो.

कृष्णाकांठच्या उपसा सिंचनाचे पुष्कळ नळ दुसऱ्याच्या रानाखालून गेलेले आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम ४९ अन्वयें तहसीलदार अशी परवानगी देतो. नळ निदान अर्धा मीटर खोल असावा लागतो व तो सुस्थितींत राखण्याचें ओझें परवानगी घेणारावर असतें. महसुलाच्या नोकरींत अशीं प्रकरणें आमच्या हाताखालून गेलीं आहेत. नळ घालतांना जो शेजारी संमति देतो, तोच वीस वर्षांनीं उभ्या आल्यांत चर खणूं देत नाहीं. आणि त्याचें चुकतें असें आम्हांस म्हणवत नाहीं.

प्रथम नळ कां फुटतो तें पाहावें. वीज अकस्मात् गेली कीं पंप थांबतो, वर चढणारें पाणी मागें उलटतें आणि मिटलेल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आपटतें. हा आघात नित्याच्या दाबाहून पुष्कळ अधिक असतो. हवेचे व्हॉल्व्ह गंजून अडकले असल्यास अपाय आणखी वाढतो. ते आधीं दुरुस्त केल्यावांचून पुढील सर्व खर्च वायां जाईल. नंतर व्हॉल्व्ह मिटून नळाचा एकेक भाग दाबाखालीं ठेवावा. ज्या भागांतील दाब उतरतो तेवढाच हातीं घ्यावा. एखादाच सांधा गळत असल्यास तेथें खड्डा घेऊन पट्टा आवळला कीं काम भागतें.

लोखंडी नळ नुसता गंजला असेल तर तो आंतून खरवडून त्यास सिमेंटचा पातळ गिलावा यंत्रानें देतात. सिमेंटच्या क्षारधर्मानें गंज थांबतो, पण मोठीं भोंकें बुजत नाहींत. लंडन येथें १९७१ सालीं एरिक वुड ह्यानें राळेनें भिजविलेली नमद्याची नळी गटारांत घालून जागच्या जागीं कठीण केली. पुढें दाबनळांसही तशीं अस्तरें निघालीं. तीं शहरांस परवडतात. तिसरी रीत जुना नळ शंकूनें आंतून फोडीत मागोमाग नवा ओढण्याची. अर्धा मीटर खोलीच्या नळास ती आम्ही सुचविणार नाहीं, कारण वरची जमीन पिकासकट उचलली जाते. शिवाय ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा नळ फुटला कीं त्याचे घातक तुकडे रानांत राहतात.

शेतकऱ्यास मानवेल ती रीत नळांत नळ घालण्याची. दोन टोकांस दोन खड्डे घ्यावे. पैकीं एक लांब व उतरता असावा, म्हणजे नवा पाइप मोडल्याशिवाय वांकून आंत जाईल. जेथें फांटा किंवा तीव्र वळण आहे, तेथेंही खड्डा चुकत नाहीं. काळ्या एचडीपीई पाइपाचीं तोंडें तापल्या पत्र्यावर वितळवून एकमेकांवर दाबावीं, म्हणजे सर्व पाइप अखंड होतो. ओढण्यापूर्वीं त्याच पाइपाचा हातभर तुकडा दोरीनें जुन्या नळांतून पार काढून पाहावा.

आंतील व्यास घटला म्हणजे पाणी कमी येईल, ही भीति अर्धी खरी आहे. २०० मिलिमीटर व्यासाच्या फार गंजलेल्या नळांत बाहेरून १८० मिलिमीटरचा, ८ किलो दाबाचा पाइप बसविला, तर त्याच्या गुळगुळीतपणामुळें पाणी जवळजवळ पूर्वीइतकेंच येतें. १६० मिलिमीटरचा बसविल्यास मात्र तें पाऊणपटीवर येतें. स्वस्त म्हणून बारीक पाइप घेणारे येथेंच फसतात.

आणखी एक गोष्ट गवंडी सहसा सांगत नाहींत. ओढतांना हा पाइप ताणला जातो व मग हळूहळू आंखडतो. त्यासाठीं टोकें थोडीं लांब ठेवून एक दिवस तसाच पडूं द्यावा. दुसऱ्या दिवशीं कापून जुन्या नळास जोडावा, पंप चालवून सांधे पाहावे आणि मगच खड्डे बुजवावे.