चुंबकीय फितींचें दफ्तर : जतन व वाचन

जुनें दफ्तर हातीं आलें म्हणजे संशोधकापुढें दोन प्रश्न उभे राहतात. कागद टिकला आहे काय, हा पहिला. व त्यावरील अक्षर आज कोणास लागतें काय, हा दुसरा. आपल्या मंडळींपैकीं अनेकांनीं आतां मोडी रुमालांचीं छायाचित्रें घेऊन तीं संगणकांत सांठविलीं आहेत. त्या सांठ्यासही हे दोन्ही प्रश्न लागू आहेत. तेव्हां मोठ्या संशोधनसंस्था आपला सांठा कसा राखतात, हें थोडक्यांत देत आहों.

जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेंत पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांच्या नोंदी दीर्घकाळासाठीं चुंबकीय फितींवर ठेवितात. जून २०१७ अखेर हा संग्रह २०० पेटाबाइट, म्हणजे दोन लक्ष टेराबाइट, झाला होता. फितीचें स्वरूप कळावें म्हणून एल.टी.ओ. जातीची २०२१ सालची नववी पिढी पाहूं. तळहातावर मावणाऱ्या डबींत अर्धा इंच रुंद व १०३५ मीटर लांब फीत असते. तींत १८ टेराबाइट मजकूर राहतो. फितीवर ८९६० ओळी असून एका वेळीं ३२ लिहिल्या जातात; म्हणून ती पुरी भरण्यास टोकापासून टोकापर्यंत २८० फेऱ्या होतात.

डब्या फडताळांत असतात. मागणी येतांच यांत्रिक हात डबी काढून वाचनयंत्रांत घालतो व फीत इष्ट स्थळापर्यंत गुंडाळली जाते. यांत मिनिट-दोन मिनिटें जातात. यास्तव एकाच फितीवरील मागण्या एकत्र करून, फितीवरील क्रमानें वाचून, मजकूर आधीं चकतीवर उतरवितात व तेथून अभ्यासकास देतात. लहान लहान नोंदी सुट्या न ठेवितां, चिठ्याचपाट्या एका रुमालांत बांधाव्या तशा, एकत्र बांधून ठेवितात. कोणती नोंद कोणत्या फितीवर कोठें आहे, याची यादी निराळी असते. ती हरवल्यास इष्ट नोंद सांपडण्यास सारा संग्रह उलगडावा लागेल.

थंड व कोरड्या जागीं फीत अनेक वर्षें टिकते. खरा धोका वाचनयंत्राचा आहे. एल.टी.ओ. च्या सातव्या पिढीपर्यंतचीं यंत्रें मागील दोन पिढ्या वाचीत. २०१७ सालचें आठव्या पिढीचें यंत्र मागील एकच वाचतें. म्हणजे २०१२ सालची सहाव्या पिढीची फीत सुस्थितींत असूनही त्यास वाचतां येत नाहीं. म्हणून दर कांहीं वर्षांनीं सर्व मजकुराची नव्या फितींवर नक्कल करितात व प्रत्येक नोंदीचा ताळा मूळाशीं पडताळतात.

हें न केल्यास काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें. १९६६-६७ सालीं चंद्राभोंवतीं फिरलेल्या पांच लूनर ऑर्बिटर यानांचीं चित्रें फितींवर होतीं. तीं वाचणारीं यंत्रें मात्र दुर्मिळ झालीं. एका संग्रहपाल बाईंनीं कांहीं जुनीं यंत्रें आपल्या घरच्या मोटारखान्यांत ठेविलीं होतीं. तीं दुरुस्त झाल्यावर २००८ सालीं १९६६ मधील पृथ्वीचें चित्र पुन्हां उमटलें. उलट, १९६९ सालच्या अपोलो ११ च्या दूरचित्रांच्या मूळ फिती पुसून पुन्हां वापरल्या गेल्या असाव्या, असा निष्कर्ष नासाच्या शोधाअंतीं २००९ सालीं निघाला.

यावरून आमची संग्राहकांस विनंती आहे कीं, छायाचित्रांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. यादी कागदावरही लिहावी. आणि दर तीन-चार वर्षांनीं सांठा उघडून, ताळा पाहून, नव्या साधनावर नक्कल करावी. छायाचित्र झालें म्हणून मूळ रुमाल मात्र कोणीं दूर करूं नये. त्याच्या वाचनास यंत्र लागत नाहीं, मोडी येणारा माणूस पुरतो.