मुरलेली एल आणि मोहाची दारू : आस्वादाच्या परिभाषेचा प्रश्न

प्रस्तावना :
आस्वाद हा व्यक्तिगत आवडीनिवडीचा विषय आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः आस्वाद ही निरीक्षणाची एक शिस्तबद्ध रीत असून तिला शब्द, नोंद आणि तपासणी या तीन गोष्टींचा आधार लागतो. इंग्लंडमध्ये बाटलीत वर्षानुवर्षे मुरविल्या जाणाऱ्या तीव्र एलला हे तीनही आधार लाभले. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात मोहाच्या फुलांपासून गाळली जाणारी दारू, जिला कोरकू बांधव 'सिडू' म्हणतात, तिला मात्र ते लाभले नाहीत. प्रस्तुत लेखात या तफावतीचे स्वरूप व तिचे परिणाम स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा लेखाचा हेतू नाही.

१. एल कशी मुरते?
मोड आणून वाळविलेल्या जवाचा अर्क यीस्टच्या साहाय्याने उबदार तापमानात आंबवून एल ही बिअर तयार होते. नेहमीच्या एलमध्ये मद्यार्काचे प्रमाण ४ ते ५ टक्के असते, तर तीव्र एलमध्ये ते ८ ते १२ टक्क्यांपर्यंत जाते. कादंबरीकार थॉमस हार्डी यांच्या निधनाला ४० वर्षे झाली त्या निमित्ताने १९६८ मध्ये डॉर्चेस्टर येथे निघालेली 'थॉमस हार्डीज एल' आणि लंडनच्या फुलर्सची १९९७ पासूनची 'व्हिंटेज एल' ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. बाटलीवर वर्ष छापलेले असते, आत थोडे जिवंत यीस्ट असते.

काळ जातो तसा हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा ओसरतो. मंद ऑक्सिडीकरणामुळे खारीक, मनुका, काकवी यांची आठवण करून देणारे गंध पुढे येतात. प्राणवायू अधिक शिरल्यास मात्र ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. ट्रान्स-२-नोनेनाल हे संयुग त्याला कारणीभूत मानले जाते. जुन्या इंग्रजी एलचा विशिष्ट गंध ज्या यीस्टमुळे येतो, त्याला कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये 'ब्रेटानोमायसेस', म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. या सर्व क्रियांना थंडावा लागतो. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात अशी बाटली मुरणार नाही, बिघडेल.

२. चव घेण्याची रीत
मुरलेली एल बर्फासारखी थंड घेत नाहीत. १२-१३ अंशांना तिचा गंध मोकळा होतो. प्रथम रंग पाहावा, मग वास घ्यावा, नंतर लहान घोट तोंडात फिरवावा आणि शेवटी घोटामागे उरणारी चव टिपावी. प्रत्येकाने आपली नोंद चर्चेपूर्वी लिहावयाची असते, कारण एकाने 'खारीक' म्हटले की शेजाऱ्यालाही खारीकच जाणवू लागते.

हा पूर्वग्रह टाळण्यासाठी कार्ल्सबर्गमध्येच १९४० च्या दशकात त्रिकोण चाचणी विकसित झाली. तीन पेल्यांपैकी दोन सारखे व एक वेगळा असतो. वेगळा कोणता ते ओळखावयाचे. केवळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता एक-तृतीयांश असते. बारा परीक्षकांपैकी किमान आठ जणांनी अचूक ओळखले, तरच फरक ५ टक्के सार्थकता पातळीवर ग्राह्य धरतात. आपण वर्गात शिकवितो ती 'टी' चाचणीसुद्धा डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेत काम करणाऱ्या गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

३. मेळघाटातील मोह
धारणी व चिखलदरा तालुक्यांत मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले गळतात. ती वेचून वाळवितात. शर्करेने समृद्ध अशी ही फुले महिनोन्महिने टिकतात. ती पाण्यात भिजवून काही दिवस आंबवितात आणि भट्टीवर गाळतात. ही दारू सहसा मुरवीत नाहीत, ताजीच घेतात. येथे साठवण होते ती दारूची नव्हे, तर फुलांची. एलचे वय बाटलीत मोजतात. मोहाचे वय फुलात शोधावे लागेल.

मराठीत या दारूविषयी रूढ झालेला एकच नेमका शब्दप्रयोग आहे, 'पहिल्या धारेची'. तो तिची तीव्रता सांगतो. गंध वा चव यांविषयी काहीच सांगत नाही.

४. जिभेची मर्यादा
दारू विस्तवावर टाकून भडका उडतो का, हे पाहण्याची जुनी रीत आहे. तिच्यातून मद्यार्काची तीव्रता कळते, शुद्धता कळत नाही. कारण विषारी मिथेनॉलही तसेच पेटते. मिथेनॉल जिभेलाही ओळखता येत नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात मिथेनॉलयुक्त दारूने शंभरांहून अधिक बळी घेतले. खात्री हवी असल्यास गॅस क्रोमॅटोग्राफीसारखे प्रयोगशालेय परीक्षणच करावे लागते. विनापरवाना गाळणे गुन्हा असल्यामुळे घरगुती दारू त्या परीक्षणापर्यंत पोहोचतच नाही. याउलट गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि तिची वैशिष्ट्ये कागदावर आली. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे आपण पाहतो, म्हणून दारूबंदीचा आग्रह समजण्यासारखा आहे. परंतु नोंदीच्या अभावाने व्यसन घटत नाही. फक्त धोका अदृश्य होतो.

समारोप :
२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलन व साठवणुकीवरील निर्बंध उठविले. त्यामुळे दारूला स्पर्श न करता अभ्यासाचा आरंभ करणे शक्य आहे. यंदाची व गतवर्षीची वाळलेली फुले घेऊन त्यांच्या काढ्यावर बारा परीक्षकांची त्रिकोण चाचणी कोणत्याही महाविद्यालयात घेता येईल. रसायनशास्त्राने शर्करा मोजावी, संख्याशास्त्राने निकाल तपासावा आणि भाषा विभागाने फुले वेचणाऱ्या स्त्रियांकडून चवी-गंधांचे कोरकू व वऱ्हाडी शब्द टिपावेत. एलला परिभाषा लाभली ती तिच्या श्रेष्ठत्वामुळे नव्हे, तर कोणीतरी वर्षानुवर्षे वही उघडून बसल्यामुळे. तशी वही मोहासाठी उघडण्याचे काम वऱ्हाडातील महाविद्यालयांना सहज करता येण्याजोगे आहे.