साथ संपली, हे ठरवायचे कोणी?

"डॉक्टरसाहेब, कोरोना सरकारने संपवला की खरंच संपला?" हदगाव, तामसा, मनाठा भागातून बाह्यरुग्ण विभागात येणारे लोक अजूनही अधूनमधून हे विचारतात. विचारणारा हसत विचारतो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

तारखाच बघा. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ३१ मार्च २०२२ रोजी निर्णय घेतला, गुढीपाडव्याच्या तोंडावर सगळे निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले ते ५ मे २०२३ रोजी, म्हणजे आपल्यानंतर तेरा महिन्यांनी. अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी संपली ११ मे २०२३ ला. विषाणू सगळीकडे तोच होता. तारखा वेगळ्या पडल्या, कारण आणीबाणी हे आजाराचे नाव नाही. नेहमीचे नियम बाजूला ठेवून सरकारने हाती घेतलेल्या जादा अधिकारांचे ते नाव आहे. आजार कमी झाला का, हे प्रयोगशाळा आणि खाटांची आकडेवारी सांगते. जादा अधिकार परत कधी द्यायचे, हे मात्र माणसांनाच ठरवावे लागते.

अमेरिकेत ते कसे ठरले, हे पाहण्याजोगे आहे. ३१ जानेवारी २०२३ रोजी तिथल्या प्रतिनिधीगृहात आरोग्य आणीबाणी तत्काळ संपवण्याच्या विधेयकावर मतदान झाले. बाजूने २२०, विरोधात २१०. मते जवळजवळ पक्षाच्या रेषेवर पडली. विषाणूबद्दलचे मत पक्षानुसार ठरावे, हे डॉक्टर म्हणून मला पटत नाही. ते विधेयक पुढे कायदा झालेही नाही, कारण आदल्याच दिवशी सरकारने ११ मे ही तारीख जाहीर केली होती. राष्ट्रीय आणीबाणी हा वेगळा प्रकार. ती संपवणारा ठराव मात्र दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि १० एप्रिलला राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली. मला महत्त्वाची वाटते ती या मतदानाच्या निमित्ताने झालेली चर्चा. आणीबाणी उठली तर मोफत चाचण्यांचे काय, दूरध्वनीवरून उपचार देण्याच्या सवलतीचे काय, गरिबांच्या आरोग्य विम्याचे काय, हे सगळे उघडपणे बोलले गेले. विम्याची भीती खोटी नव्हती. साथीच्या काळात कोणाचे नाव कमी करायचे नाही, असा नियम होता. एप्रिल २०२३ पासून तो उठला आणि दोन कोटींहून अधिक लोकांची नावे त्या योजनेतून वगळली गेली.

ब्रिटनने आणखी सोपे केले. मार्च २०२० च्या कोरोना कायद्यातच दोन वर्षांची मुदत लिहिली आणि दर सहा महिन्यांनी संसदेपुढे मतदान ठेवले.

आपल्याकडे काय झाले? कोविडचा सारा कारभार दोन कायद्यांवर चालला, १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. मूळ साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी कायदा झाला. त्याच्या जोरावर पुण्यात जी घरझडती झाली तिचा शेवट रँडच्या खुनात झाला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या कायद्यात सरकारला 'तात्पुरते' नियम करता येतात. तात्पुरते म्हणजे किती दिवस, ते कोणी उठवायचे, लोकप्रतिनिधींना विचारायचे की नाही, याबद्दल त्यात एक ओळ नाही.

हदगावकरांना यातली एक गंमत ठाऊक नसेल. केंद्राच्या या कायद्याच्या मजकुरात, १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी 'ब' वर्गातील राज्यांत असलेला प्रदेश वगळला होता. हैदराबाद हे त्यातलेच राज्य, आणि त्याचा संसर्गजन्य रोगांविषयीचा स्वतःचा १९५० चा कायदा होता. म्हणजे मजकूर पाहिला तर पैनगंगेपलीकडचे उमरखेड या केंद्रीय कायद्यात आणि अलीकडचे हदगाव बाहेर. ते शब्द संसदेने काढले २०२० च्या सप्टेंबरात, साथ ऐन भरात असताना. त्याच दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यासाठी तीन महिने ते पाच वर्षे आणि गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैद आली. आम्हा डॉक्टर-परिचारिकांना तिचा आधार वाटला, हे नाकारत नाही. पण इतके बारकाईने हात फिरवताना कायद्याच्या शेवटाचे कलम मात्र कोणाला सुचले नाही.

राज्यघटनेत राष्ट्रपती राजवट दोन महिन्यांत संसदेने मंजूर करावी लागते आणि पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा. साथीत मात्र एका आदेशाने अख्खा जिल्हा बंद होतो. २५ मार्च ते ४ एप्रिल २०२१ चे नांदेड आठवा. तो निर्णय वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा होता असे मी म्हणत नाही. त्या दिवसांत खाट मिळवण्यासाठी नातेवाईक कसे फिरत होते, ते आम्ही पाहिले आहे. पण आदेश निघाला तसाच उठला. २०२२ चे विधिमंडळाचे अर्थसंकल्पीय अधिवेशन २५ मार्चला संपले आणि सहा दिवसांनी मंत्रिमंडळाने निर्बंध उठवले. सभागृहात त्यावर मत घेण्याची कायद्याने गरजच नव्हती.

आम्ही रुग्णाला स्टिरॉइड देतो तेव्हा ते सुरू करायला फार विचार लागत नाही, थांबवायला लागतो. बरेच दिवस दिलेले औषध एकदम बंद केले तर शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी झोपलेल्या असतात आणि रुग्ण कोसळू शकतो. लांबवत नेले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, बुरशीला वाट मिळते. आणीबाणी लांबली की तिचीही किंमत असते. देशात २०१९ मध्ये क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले. २०२० मध्ये १८ लाख. क्षयरोग कमी झाला नव्हता. रुग्ण घरात बसले होते आणि थुंकी तपासणारे हात दुसऱ्या तपासणीत अडकले होते. म्हणून ती योग्य वेळी संपणे हीसुद्धा आरोग्याची गरज आहे.

आणि एकदम संपली की काय होते? साथीसाठी तात्पुरत्या घेतलेल्या परिचारिका, तंत्रज्ञ, कक्षसेवक घरी गेले. त्यांच्यातल्या किती जणांची गरज कायमची होती, हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती. त्याला एकच एक कारण चिकटवणे अन्यायाचे होईल. आसपासच्या जिल्ह्यांतले अत्यवस्थ रुग्ण तिथेच जातात. पण मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सरकारला विचारले ते रिक्त पदांबद्दल आणि औषध खरेदीबद्दल. आणीबाणी उठवताना सभागृहात चर्चा झाली असती, तर हेच प्रश्न दीड वर्ष आधी विचारले गेले असते.

विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा आजच्या गरजांना पुरत नाही, तो नीट दुरुस्त करा किंवा नवा आणा, असे सांगितले आहे. नव्या कायद्यात मला दोनच गोष्टी हव्यात. ठरावीक मुदत, जी वाढवायची तर विधिमंडळाचे मत घ्यावे लागेल. आणि उठवताना सभागृहापुढे एक यादी, कोणते कर्मचारी, कोणती यंत्रे, कोणता निधी पुढे राहणार याची. साथ ओसरली की नाही, हे आमदारांनी ठरवू नये. ते साथरोगतज्ज्ञांचे काम. यादी मात्र त्यांनीच तपासावी.

यादीत पहिली नोंद हवेतून प्राणवायू काढणाऱ्या संयंत्रांची असावी. पीएम केअर्समधून देशात अशी बाराशेहून अधिक संयंत्रे बसली. त्यांच्या टाक्यांत झिओलाइट नावाचे खडे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि सुमारे ९३ टक्के शुद्ध प्राणवायू पुढे जातो. संयंत्र महिनोन्महिने बंद राहिले की हे खडे ओलावा शोषतात आणि शुद्धता घसरते. त्यामुळे गरज नसली तरी ते ठरावीक दिवसांनी चालवावे लागते, शुद्धता मोजून नोंदवहीत लिहावी लागते. वीजबिल येते, गाळण्या बदलाव्या लागतात, चालवणारा माणूस लागतो. आपल्या तालुक्याच्या रुग्ण कल्याण समितीत कोणी ओळखीचे असेल, तर ती नोंदवही शेवटची कधी भरली, एवढे जरूर विचारा.