‘हे जाऊन मरीन्सना सांग!’

थापाड्याला आपण मराठीत काय म्हणतो? ‘चल, काहीतरीच काय!’ किंवा ‘जा, दुसऱ्या कुणाला शेंडी लाव!’ (शेंडी कुणाची आणि इतकी वर्षे लागली कुणाला, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.) इंग्रजीत याच अर्थाचा एक जुना बोल आहे : ‘टेल दॅट टू द मरीन्स!’ आमची कॉलेजात जाणारी मुले तो जुन्या इंग्रजी गोष्टींत वाचतात आणि कोड्यात पडतात. म्हणून हा खुलासा.

मरीन म्हणजे लढाऊ जहाजावरचा सैनिक. इंग्लंडात त्यांची पहिली पलटण 1664 साली उभी राहिली. हा गडी जहाजावर असला तरी खरा जमिनीवरचा. शीड, डोलकाठी, वारा यांतले त्याला काय कळणार? खलाशी त्याची टर उडवीत. समुद्राच्या वाटेल त्या गोष्टी मरीनला सांगा, तो मान डोलावील; खलाशी मात्र फसायचा नाही! कवी बायरनने 1823 साली ‘द आयलंड’ या काव्यात हा बोल घेतला आणि तो जुनाच असल्याची नोंदही करून ठेवली. राजपुरीच्या खाडीची भरती-ओहोटी पाहत वाढलेल्या आगरदांडेकरांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

हा बोल बरोबरीच्या माणसाशी, थट्टेत वापरावा. अर्जात, इंटरव्ह्यूत, साहेबापुढे नाही. हल्ली ‘यू मस्ट बी किडिंग’ म्हटले तरी भागते.

बरोबरीच्या माणसाशी! इथे आमचे मन अडते. ‘खोटे बोलतोस’ म्हणायलाही बरोबरी लागते. खोताचा हिशेब खोटा आहे हे कळले, तरी कोकणातल्या आमच्या आज्या-पणज्यांना ते तोंडावर म्हणायची सोय नव्हती. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. 1956 साली नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांत तर बुद्धाला विष्णूचा अवतार ठरविणारा प्रचार खोटा, असे लाखोंनी एकमुखाने म्हटले. त्याआधी अडीच हजार वर्षे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना हेच शिकविले होते : परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून मानू नका, स्वतः पारखा.

खोत गेला, आता एजंट आला. ‘पोराला बोटीवर लावतो, आधी पैसे भरा’ म्हणतो, आणि घरातली बाई गळ्यातले काढून देते. बंधू-भगिनींनो, नियम असा की बोटीवर भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि नोकरी लावण्याबद्दल त्याला उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. तेव्हा परवान्याचा नंबर मागा, कागदावर लिहून घ्या आणि डाग गहाण टाकण्याआधी तो महासंचालनालयाच्या मुंबईच्या कार्यालयात पडताळून पाहा.